वजा तीन

श्यामसुंदरने पाचव्या अंड्याला कात्रीचे टोक लावले. कवच फुटले नाही. ओल्या चामड्यासारखे आधी मागे सरकले आणि मग फाटले. पहिल्या चार अंड्यांत ओळखू येईल असे काही उरले नव्हते. या पाचव्यात होते. त्याने ते चिमट्याने उचलून पांढऱ्या बशीत ठेवले, शेजारी फूटपट्टी ठेवली आणि भिंग पुढे ओढले.

वेटोळे पूर्ण होते. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. अंग मात्र कोरे, उकडलेल्या शेवयांच्या रंगाचे.

त्याने भिंग खाली ठेवले. मग पुन्हा उचलले.

साप त्याचे नव्हते. मुलगा सुदर्शन हिंजवडीतली नोकरी सोडून टोरांटोला गेला, तेव्हा त्याने ही अमेरिकन कॉर्न स्नेकची जोडी, काचेच्या दोन पेट्या आणि वनखात्याकडे केलेल्या नोंदणीचा कागद बापाच्या धायरीतल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवला होता. दर रविवारी त्याचा फोन येई. तब्येत, हवा, जेवण. चार मिनिटांत संपे. फेब्रुवारीत मादीने अकरा अंडी घातली आणि त्यानंतरचा पहिला फोन बेचाळीस मिनिटे चालला. श्यामसुंदरने ती मिनिटे मुद्दाम मोजली नव्हती. मोजण्याची सवय होती, इतकेच. खडकीच्या एका कारखान्यात त्याने एकतीस वर्षे तापमापक आणि दाबमापक तपासून दिले होते.

अंडी एकमेकांना चिकटण्याआधी त्याने ती सुटी केली, ओलसर भुशात मांडली, प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने एक ठिपका काढला आणि काचेचे झाकण असलेल्या थर्मोकोलच्या उबवणपेटीत ठेवली. ठिपका वर राहिला पाहिजे; सापाचे अंडे उलटायचे नसते. तिसाव्या दिवशी नागपूरहून भाऊ गेल्याचा निरोप आला. तेरवीवर त्याचा विश्वास नव्हता, पण वहिनी मंदाकिनी एकटी होती, म्हणून तो पंधरा दिवस राहिला. घराची किल्ली द्वारकाबाईंकडे होती. गेली सहा वर्षे सकाळी अकराला त्या केरफरशीला येत. त्यांच्याखेरीज त्या घरात कोणी येत नसे.

सोमवारी तो परतला, पेटी उघडली आणि एकही ठिपका वर दिसला नाही.

"अंड्यांना हात कोणी लावला?" त्याने विचारले होते.

"मीच. रोज फिरवत व्हते, आल्या आल्या."

"कोणी सांगितलं होतं?"

"सांगितलं न्हाय कुणी. कोंबडी फिरवती की."

"ही कोंबडीची नाहीत, द्वारकाबाई. ह्यात गर्भ कवचाला धरून वाढतो. अंडं उलटलं की तो बलकाखाली जातो आणि गुदमरतो. अकरा होती. अकराच्या अकरा तुम्ही मारलीत."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. निकामी उपकरणाचा अहवाल वाचावा तसा तो बोलला होता. द्वारकाबाईंनी फरशीचे फडके पिळले, बाल्कनीत वाळत घातले, पदराला हात पुसले.

"आकडा बत्तीसच व्हता पण," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलेला. रोज बघितला."

मंगळवारी त्या आल्या नाहीत. बुधवारी नाहीत. आज शुक्रवार होता. सुदर्शनला रविवारी कारण सांगायचे होते, आणि कारण सांगायचे तर ते तपासलेले असावे, म्हणून त्याने आज अंडी कापायला घेतली होती.

आठव्या अंड्यात तसेच वेटोळे निघाले. दहाव्यात आणि अकराव्यातही. चारही कोरी. त्याने सुदर्शनने पाठवलेले, गर्भाच्या आठवडेवार वाढीच्या छायाचित्रांचे कोष्टक उघडले. पाचव्या आठवड्यात अंगावर नक्षी उमटू लागते. ही पिल्ले तिथवर पोचलीच नव्हती. अठ्ठाविसावा दिवस, फार तर एकोणतिसावा. तो स्वतः तिसाव्या दिवशी गेला होता. द्वारकाबाईंचा हात अंड्यांना लागला तो त्यानंतर.

तो ओट्याला टेकून उभा राहिला. मागच्या खोलीत मादी काचेवर अंग घासत होती. कोरडा, बारीक आवाज.

मग त्याने कपाटातून पाऱ्याचा जुना तापमापक काढला, रिकाम्या पेटीत ठेवला आणि झाकण लावले. अर्ध्या तासाने पाहिले. बत्तीस. बाहेरच्या नियंत्रकाच्या पडद्यावरही बत्तीस. आत असायला हवे होते एकोणतीस.

पेटीची ऊब राखणारा मूळचा नियंत्रक चोविसाव्या दिवशी बंद पडला होता. श्यामसुंदरने त्याच्या जागी जुना, राखीव नियंत्रक बसवला. हा तीन अंश जास्त दाखवतो, हे त्याने पूर्वीच तपासून ठेवले होते आणि कारखान्याच्या शिरस्त्याप्रमाणे त्यावर पट्टी चिकटवली होती: वजा तीन. म्हणून एकोणतीस हवे तर पडद्यावर बत्तीस लावायचे. त्याने बत्तीस लावले. पण मधल्या काळात केव्हातरी त्यानेच त्या यंत्राच्या आत ती चूक दुरुस्त केली होती. यंत्र आता खरे बोलत होते. पट्टी तेवढी राहिली होती.

कारखान्यात दुरुस्तीनंतर आधी पट्टी काढायची, मग सही करायची, असा नियम होता. ती राहिली म्हणून त्याने एका शिकाऊ पोराला सगळ्यांसमोर उभे केले होते. त्याचे नाव आता आठवेना.

त्याने नखाने पट्टी खरवडली. सहज निघाली.

द्वारकाबाईंचे घर सोसायटीच्या मागे, जुन्या गावठाणात होते. सहा वर्षांत तो तिथे गेला नव्हता. दोनदा विचारावे लागले. दिवस मावळत होता. त्या दारापुढच्या खुराड्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या. त्याला पाहून उठल्या नाहीत. पाटाकडे मानेने खूण केली.

"बसा साहेब. दिवा लावायचाय अजून."

तो बसला. वाटेत वाक्य तयार केले होते, तेच म्हणाला.

"ती अंडी तुमच्यामुळे गेली नाहीत. मी तापमान चुकीचं लावलं होतं. तुम्ही हात लावण्याआधीच ती मेलेली होती. मी आज तपासलं."

"ठावं हाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"मेल्याली व्हती ते. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिशी. काचंला लई घाम दिसला म्हणून पेटी उघडली, तर वास आला. मोबाईलची बत्ती लावून बघितलं, एकात बी लाल रेघ न्हाय. फिरवलं तर काय धरतंय का, म्हणून फिरवत ऱ्हायले. उगंच आपलं."

"मग मला कळवायचं होतंत."

"फोन लावला की. तुम्ही म्हणलात, आत्ताच रामटेकला राख सोडून आलोय, काही विशेष? मी म्हणलं, न्हाय, काय न्हाय."

श्यामसुंदरला तो फोन आठवला. त्याने तो ओल्या हाताने घेतला होता.

"आणि सोमवारी? मी तुम्हाला इतकं बोललो, तेव्हा तरी..."

"तुम्ही लई खात्रीनं बोलत व्हता."

खुराड्यात काहीतरी फडफडले आणि शांत झाले. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि तो स्वच्छच होता हे लक्षात आल्यावर परत लावला.

"उद्यापासून याल?" त्याने विचारले.

"अकराची येळ मी त्या नव्या बिल्डिंगीत दिली. दोघी हायेत, कॉलेजात शिकवत्यात. चांगल्या हायेत."

"दुसरी कुठली वेळ..."

"न्हाय जमायचं, साहेब."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

तो पाटावरून उठला नाही. गल्लीतून एक दुचाकी गेली. मागे बसलेल्या मुलीच्या पाठीवर कुठल्याशा कंपनीची सॅक होती. द्वारकाबाईंनी खुराड्याच्या दाराची कडी काढली. आत एक कोंबडी खुडूक बसली होती. त्यांनी तिच्या पोटाखाली हात घातला, टोच खाल्ली, एक शिवी हासडली आणि एक अंडे बाहेर काढले.

"बत्ती धरा जरा. माझ्या मोबाईलचं चार्जिंग गेलंय."

त्याने फोनचा दिवा लावला. द्वारकाबाईंनी अंडे त्यावर टेकवले आणि दुसऱ्या हाताचा आडोसा केला. अंडे आतून तांबडे झाले. बारीक, फाटे फुटलेल्या रेषा एका गडद ठिपक्याकडे जात होत्या. ठिपका किंचित हलला, की हलल्यासारखा वाटला.

"बघा," त्या म्हणाल्या. "हाय का?"

श्यामसुंदर पुढे वाकला. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरले, आणि द्वारकाबाई "ऱ्हाऊ द्या आता" म्हणेपर्यंत उजेड हलू दिला नाही.