जांभळा पोपट

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या फोटो स्टुडिओत एका गिऱ्हाइकाला "हनुवटी जरा खाली घ्या" म्हणत होतो. सकाळी ती धडधाकट होती. शेवटचं बोलणंही झालं नाही.

म्हणूनच वर्षभरानं धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, जंगलात एक महाराज गेलेल्या माणसाची भेट घडवतात," तेव्हा मी कॅमेरा घेऊन निघालो.

झाडाखाली ही गर्दी! मधोमध महाराज डोळे मिटून बसलेले.

"आत्म्याला पंख फुटतात! आवडीचा रंग लेवून तो येतो. काय हो, तुमच्या मंडळींना कुठला रंग आवडायचा?"

"जांभळा."

झुडपातून पोपट उडत आला आणि फांदीवर बसला. चोचीखेरीज अख्खा जांभळा. मान वाकडी करून मला म्हणाला, "अहो, आलात का?"

आवाज तिचाच. मग पोपटानं एक लांबलचक शिट्टी मारली.

"परलोकीचा वारा तो!" महाराज ओरडले. लोकांनी हात जोडले.

रडत रडत मी फोटो काढले. एक मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. जो विचारेल त्याला सांगायचो, सांगताना हसू फुटायचं. मी खोटं बोलत नाही हे गावाला ठाऊक, त्यामुळे जंगलाकडे रीघ लागली.

मुलगी जनावरांची डॉक्टर. माहेरी आली तेव्हा तिनं तो फोटो संगणकावर मोठा करून बघितला.

"बाबा, मानेजवळ पिसांच्या मुळाशी बघा. हिरवं आहे. साधा पोपट हा. आधी ब्लीच, वरून केसांचा रंग. नवी पिसं हिरवीच उगवताहेत."

"आणि आवाज? माझे कानही रंगवले का कुणी?"

"तो काय बोलतो, नीट सांगा."

मी सांगितलं, शिट्टीसकट. मग माझ्या फोनवर तिनं एक जुना व्हिडिओ लावला. मीच घरात शिरताना काढलेला. बायको वळून म्हणते, "अहो, आलात का?" आणि लगेच मागे कुकरची शिट्टी.

परलोकीचा वारा म्हणजे आमचा कुकर!

"बाबा, हा अजून कुणाकडे आहे?"

"वहिनीची फार आठवण येते" म्हणून तो एकानंच मागून घेतला होता. त्याचं केस कापायचं सलून आहे.

सलूनच्या मागच्या खोलीत पिंजरा होता. शेजारी ब्लीचची वाटी.

"तुझ्या शब्दावर लोकांचा विश्वास बसतो, दादा," भाऊ खाली मान घालून म्हणाला. "महाराजांना तसाच माणूस हवा होता." मग एकदम वर बघून, "पण किती दिवसांनी हसलास तू! खरं सांग, हसलास की नाही?"

हसलो होतो. त्याचंच जास्त लागलं.

पोपट शिकवाल तेवढंच बोलतो. गेलेलं माणूस परत येत नाही, कुठल्याच रंगात येत नाही. कुणी आणून दाखवलं तर हात जोडायच्या आधी विचारा, ह्याला हे शिकवलं कुणी? विचारायची लाज वाटू देऊ नका. माझा पोपट झाला, हे मी चारचौघांत सांगतोच आहे.

काचेतला फोटो काढून टाकला. महाराजांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. तीत भावाचं नाव अजून घातलेलं नाही.