ओकच्या झाडाखालचं निर्माल्य

रघुवीर देवस्थळीने आयुष्यात झुरळसुद्धा मारलं नव्हतं. ते काम मीनाक्षीचं. तो फक्त खुर्चीवर उभा राहून झुरळ कुठल्या दिशेला गेलं ते बायकोला सांगायचा. असा माणूस २००९ च्या उन्हाळ्यात हरणाच्या शिकारीच्या तयारीला लागला, तेव्हा मीनाक्षीने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, "तिथेही दिशाच सांगायला चालला असशील," म्हणाली, आणि बर्मिंगहॅमची ट्रेन पकडायला निघून गेली.

तिचं म्हणणं अगदी खरं होतं, म्हणूनच त्याला ते झोंबलं.

कॉव्हेंट्रीतल्या त्याच्या ऑफिसात बढत्या काही ऑफिसात होत नसत. त्या व्हायच्या गावाबाहेरच्या रानात. डायरेक्टर क्लाइव्ह आणि त्याचे चार दोस्त यांनी एका शेतकऱ्याचं रान शिकारीसाठी भाड्याने घेतलं होतं. शनिवारी क्लाइव्हच्या मागून त्या रानात चिखल तुडवणारा माणूस सोमवारी हमखास मोठ्या खुर्चीत बसलेला दिसायचा. रघुवीर इतकी वर्षं सोमवारी फक्त अभिनंदनाचे ईमेल लिहीत आला होता. आणि रान तर त्याच्याच घरामागच्या पायवाटेने चालत जाण्याइतकं जवळ!

त्या रानात एक भलंमोठं नर हरीण होतं. तळहातासारखी पसरट शिंगं, रुंद छाती. तीन वर्षं ते क्लाइव्हच्या टोळीला गुंगारा देत होतं. एक ऑगस्टला हंगाम उघडणार होता. "फाइंड मी द बिग लॅड, रॅग्ज, अँड यू आर इन," क्लाइव्ह त्याला एकदा कॉफीच्या मशीनपाशी म्हणाला. रॅग्ज म्हणजे रघुवीर. रॅग्ज म्हणजे चिंध्या, हेही त्याला ठाऊक होतं. पण साहेबाने लाडाने ठेवलेलं नाव, त्याचा अर्थ कोण काढत बसतो?

त्याने इंटरनेटवरून झाडाला बांधायचा कॅमेरा मागवला. समोर काही हललं की हा आपोआप फोटो काढतो, असं खोक्यावर लिहिलं होतं. चांगले कॅमेरे महाग होते, म्हणून रघुवीरने सगळ्यांत स्वस्त घेतला. त्याला स्क्रीन नव्हता. फोटो निघाला की एक लाल दिवा तेवढा ऐटीत डोळा मिचकवायचा. फोटो बघायचे तर कार्ड काढून लॅपटॉपला लावायचं. पहिल्या आठवड्यात त्याने वाऱ्यावर हलणाऱ्या नेच्याचे ढीगभर फोटो काढले, एक रघुवीरच्या कानाचा काढला, आणि आडोशाला उभ्या असलेल्या एका गृहस्थांचा असा काढला की तो कोणालाच दाखवता येईना.

मग दूरवर चालायचा कंटाळा येऊन रघुवीरने कॅमेरा पायवाटेच्या वळणावरच्या ओकच्या झाडासमोर हलवला. आणि काय आश्चर्य! कार्डात बिग लॅड. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सकाळी, त्याच ओकखाली, मान खाली घालून काहीतरी चरताना.

ऑफिसात त्याने फोटो दाखवले तेव्हा क्लाइव्ह चक्क खुर्चीतून उठला. रघुवीरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो वाऱ्याची दिशा, खुरांचे ठसे, उपजत ज्ञान यांवर बोलू लागला. पणजोबा मोठे शिकारी होते, असंही त्याने ठोकून दिलं. पणजोबा साताऱ्याला कचेरीत कारकून होते आणि मांजर आडवं गेलं तरी घरी परत यायचे.

एका रविवारी त्याने पहिल्यांदाच कार्डातले सगळे फोटो एकापाठोपाठ पाहिले. हरणाच्या आधी एक हात होता. त्याआधी कापडी पिशवी. आणि त्याआधी आई.

सुप्रभाताई सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आल्या होत्या. देवाची फुलं कचऱ्याच्या डब्यात, मीनाक्षीने टाकलेल्या कोंबडीच्या हाडांशेजारी टाकायची कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती. कालव्यात टाकली तर एक बाई ओरडली. म्हणून रोज पूजा झाली की आदल्या दिवशीचं निर्माल्य पिशवीत घालून, मुलाचे जुने बूट चढवून, त्या रानात जायच्या आणि ओकच्या बुंध्याशी फुलं ओतायच्या. बागेतले गुलाब, झेंडू, दूर्वा. बिग लॅड त्यावर ताव मारायचा. रघुवीरचं उपजत ज्ञान ते एवढंच.

फोटोत आई हरणापासून चार पावलांवर हात जोडून उभी होती. दर फोटोत वेगळी साडी, आणि सगळ्या ठेवणीतल्या. काही फोटोंत तर ती पदर सावरून थेट कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. रानात जायला ही चांगल्या साड्या कशाला नेसते, असं रघुवीरच्या मनात आलं. पण त्याला घाई होती. सोमवारी क्लाइव्हला सगळं कार्ड हवं होतं. शिकाऱ्याच्या फोटोत साडीतली आई काय कामाची? त्याने एकेक करून आईचे सगळे फोटो डिलीट केले. हरीण ठेवलं.

जेवताना तो म्हणाला, "आई, निर्माल्य रोज टाकतेस ना ओकखाली? खाडा करू नकोस हं. उलट फुलं जरा जास्तच वाहत जा."

सुप्रभाताईंचा घास हातातच राहिला. मुलाला देवाधर्माचं इतकं कधी सुचलं नव्हतं.

"टाकते की! तो वाट बघत असतो रे. 'ये रे महाराजा' म्हटलं की येतो. मग बोलते थोडा वेळ त्याच्याशी. तुम्ही दोघं सकाळीच जाता, मला दिवसभर बोलायला कोण असतं?"

रघुवीरने पाण्याचा पेला उचलून रिकामा केला. मग आणखी भात वाढून घेतला.

श्रावण तोंडावर आला होता. श्रावणात पूजा वाढणार, फुलं वाढणार, हरीण हलणार नाही, असा त्याचा चोख हिशेब. श्रावणाची इतकी आतुरतेने वाट त्याने जन्मात पाहिली नव्हती. आणि नेमका अमावास्येला साताऱ्याहून बहिणीचा, यमुनाचा, फोन आला. दत्तूकाका गेले.

सुप्रभाताईंनी देवांवर पांढरं फडकं घातलं. "सुतक आलं," म्हणाल्या. "दहा दिवस देवाला हात लावायचा नाही."

"अगं, मी त्यांना एकदाच पाहिलंय! तेही लग्नाच्या व्हिडिओत!"

"सुतक काय ओळखपाळख बघून येतं? भाऊबंद होते आपले."

"देव घेईल समजून."

"देव घेईल रे. मला नाही चालायचं."

पूजा नाही म्हणजे निर्माल्य नाही. आता रोज कार्डात नुसता नेचा हलत होता. रघुवीरने सुपरमार्केटातली फुलं आणून ओतली. ती खारींनी उसकटली, हरणाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. क्लाइव्ह रोज विचारायचा, "शनिवारचं काय, रॅग्ज?" हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी सगळी टोळी पबमध्ये जमून फोटो बघणार होती. रघुवीरची झोप उडाली.

शुक्रवारी उजाडता उजाडता त्याने बागेतले गुलाब ओरबाडले, खुंटीवरची आईची लाल शाल डोक्यावरून घेतली, आणि ओकखाली उभं राहून आवाज बारीक करून हाक मारली, "ये रे महाराजा..."

आणि तो आला. रघुवीरच्या ओंजळीतून त्याने गुलाब खाल्ले. त्याचा ऊन श्वास तळहाताला लागला. रघुवीरने इतकं मोठं, इतकं निर्धास्त जनावर कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हात आपोआप जोडले गेले. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. कार्ड खिशात टाकून तो ऑफिसला पळाला. हा कॅमेरा मालकाला ओळखत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पबच्या मोठ्या टीव्हीवर आधी हरीण आलं. टाळ्या पडल्या. मग लाल शालीतली वाकलेली एक बाई आली. "ही म्हातारी कोण?" असं कोणीतरी विचारायला आणि पुढच्या फोटोत बाईने मान वर करायला एकच गाठ पडली. खालच्या जबड्यावर दाढीचे खुंट, गळ्यात ऑफिसचा पास, डोळे मिटलेले, हात जोडलेले.

हसून हसून एकाची बिअर नाकातून आली. क्लाइव्हने डोळे पुसले आणि रघुवीरच्या पाठीवर थाप मारली. "यू आर इन, रॅग्ज! उद्या पहाटे याच शालीत ये. तू बोलव, आम्ही टिपू."

रघुवीरला लाज वाटली, नाही असं नाही. पण आनंद त्याहून मोठा होता. तो सगळ्यांबरोबर हसला.

शनिवारी पहाटे पडलेल्या खोडामागे क्लाइव्ह बंदूक टेकवून बसला, बाकीचे चौघे त्याच्या मागे. रघुवीर कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालून, नव्याकोऱ्या शिकारी जाकिटावर आईची शाल घेऊन ओकखाली उभा राहिला आणि त्याने हाक मारली. नेच्यातून शिंगं वर आली. हरीण विश्वासाने दोन पावलं पुढे आलं. मागे खटका सरकल्याचा बारीक आवाज झाला.

"अगं बाई, आलास का तू आधीच?"

सुतक फिटलं होतं. सुप्रभाताई न्हाऊन, ठेवणीतली जांभळी साडी नेसून, देवांवर राहिलेल्या जुन्या फुलांची पिशवी घेऊन वळणावरून थेट बंदुकीसमोर आल्या होत्या. क्लाइव्ह शिवी हासडून उभा राहिला. हरणाने एकच उडी घेतली आणि ते रानात नाहीसं झालं.

सुप्रभाताईंनी बंदूक पाहिली, पाच साहेब पाहिले, आपल्या शालीतला मुलगा पाहिला. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. झाडावरच्या कॅमेऱ्याने त्यांच्याकडे बघून लाल डोळा मिचकवला.

"हा डबा लावलास तेव्हा मला वाटलं, आई एकटी रानात जाते म्हणून लक्ष ठेवतोयस," त्या म्हणाल्या. "यमुनालासुद्धा सांगितलं फोनवर. रोज चांगली साडी नेसून यायचे, म्हटलं, रघू संध्याकाळी बघत असेल." त्यांनी झाडावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. "माझे फोटो आहेत ना रे त्यात?"

रघुवीर वाकून बुटांवरचा चिखल पुसू लागला.

"बरं. शाल दे माझी." त्यांनी ती त्याच्या अंगावरून काढून घेतली, नीट घडी घातली, भरलेली पिशवी उचलली आणि आल्या वाटेने परत गेल्या.

क्लाइव्ह खोडामागून बाहेर आला. "व्हॉट डिड शी से, रॅग्ज?"

रघुवीरने घसा साफ केला.

"शी सेज गुड मॉर्निंग," तो म्हणाला.