कोरडा तळ

मार्गशीर्षातली ती सांज होती. फिक्या, थकलेल्या, राखवर्णी उजेडाची. देवळामागच्या तळ्यावर धुक्याचं पातळ वस्त्र उतरत होतं. काठावरच्या बकुळीची सावली पाण्यात हळूहळू विरघळत होती. टेकडीपलीकडे समुद्र गाजत होता. त्याच्याकडे पाठ करून बसण्याची शेवंताबाईंना आणि बाळकोबांना आता सवयच झाली होती.

पायरीवर, जुन्या लुगड्याच्या घडीवर, हातभर लांबीची होडी होती. निळी, पांढऱ्या पट्ट्याची. नाळेवर, पुढच्या निमुळत्या टोकावर, इवल्या अक्षरांत ‘गौतमी’.

अशीच निळी, अशीच पांढऱ्या पट्ट्याची मोठी गौतमी घेऊन अकरा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा अनंत पहाटेच्या पाण्यात शिरला होता. गौतमी आली नाही. अनंत आला नाही.

होडीला ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून तळाबाहेर जातो, तिथली बांधणी बाळकोबांच्या हातची होती. पाणी तिथूनच शिरलं असणार, हे शल्य त्या हातांत रुतून बसलं होतं. म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी ही धाकटी गौतमी घडवली. तोच घाट, तीच बांधणी, तेच हात. ही कोरडी परतली तर दोष आपल्या हातांचा नव्हे. देवाला कौल लावावा, तसा हा पाण्याला लावलेला कौल.

पण दरवर्षी सगळी सिद्धता व्हायची, आणि दरवर्षी कौलाच्या धास्तीने होडी तशीच घरी जायची.

मोतीबिंदूने डोळे झाकोळलेले बाळकोबा आज बोटांनीच पाहत होते. त्यांनी दांड्याच्या नळीत ग्रीस भरलं. पंखा फिरवला. घरी घंगाळातल्या पाण्यात होडी उजवीकडे कलते, म्हणून डाव्या अंगाला जाळ्याचं शिसं ठेवलं. अनंतच्याच जाळ्याचं, काळवंडलेलं.

शेवंताबाईंचा हात होडीच्या बटणाकडे गेला.

“थांब. आधी रिमोट. होडी हाकणारा तांडेल जागा झाल्याशिवाय होडी जागी करायची नाही.”

“सहा वर्षं ऐकतेय. आज सोडा तिला. नाहीतर घंगाळातच म्हातारी व्हायची बिचारी.”

बाळकोबांच्या हातातल्या रिमोटचा बारीक दिवा लागला; मग होडीच्या पोटात मंद गुणगुण उठली. शेवंताबाईंनी नाळेला हळद-कुंकू लावलं आणि तिला पाण्यावर ठेवलं.

निघाली. निळी, एकटी, धुक्याच्या दिशेने.

“दिसते का गं?”

“दिसते. डावीकडे घ्या. आणखी. आता सरळ.”

धुकं तिला गिळू पाहत होतं, ती निसटत होती. आणि मग, जे एका पहाटेला घडलं नव्हतं, ते त्या सांजेला घडलं. गौतमी वळली. गौतमी काठाला आली.

शेवंताबाईंनी ती मांडीवर घेतली, वरचं झाकण काढलं, आत बोटं घातली.

दांड्यापाशी पाणी होतं. चूळभर, थंड, काळं.

बाळकोबांचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे पडले होते, निकालाची वाट पाहणाऱ्या आरोपीसारखे.

शेवंताबाईंनी पदराचं टोक आत घातलं, तळ टिपला, पुन्हा टिपला.

“कोरडी आहे,” त्या म्हणाल्या. “हात घालून बघा.”

बाळकोबांची बोटं कोरड्या तळावरून फिरली. सावकाश, अविश्वासाने, मग मायेने. अकरा वर्षांचं शल्य त्या बोटांतून निघत गेलं.

“आता बंद कर,” ते पुटपुटले. “आधी होडी निजवायची. मग तांडेल.”

होडी निजली. दिवा मालवला. टेकडीपलीकडे समुद्र गाजत राहिला. आणि धुक्यात, अंधारत्या पायरीवर, शेवंताबाईंच्या घट्ट मिटल्या मुठीतला पदर थेंब थेंब गळत राहिला.