समोरासमोरची दोन दारे

मित्रांनो, घंटी वाजवण्याआधी जरा माझ्याकडे बघा. मी एक जुने सागवानी दार आहे आणि तेही भाड्याच्या घराचे. कडीजवळचे पॉलिश गेले आहे, तळाशी ओरखडे आहेत, तरी मी ताठ मानेने उभे आहे.

एका सुताराने एकाच झाडाच्या फळ्यांतून दोन दारे घडवली. एक तळमजल्यावर मालकांच्या घराला लागले, दुसरे, म्हणजे मी, त्यांच्या समोरच्या घराला. ते घर भाड्याने गेले, तेव्हा माझ्या भावंडाला माझी कीव आली असणार. मला मात्र माणसांची ये-जा आवडायची. माझ्याआड नवी जोडपी भांडली आणि हसलीही. एका बाळाने तर मला धरून पहिले पाऊल टाकले. हे भाग्य त्या भावंडाच्या वाट्याला कुठले!

मग शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या. त्यांची आई चाकांच्या खुर्चीत असते. पायऱ्या नाहीत, म्हणूनच त्यांनी हे घर घेतले. आत-बाहेर करताना खुर्ची माझ्या तळाशी घासायची, की ताई दचकायच्या. पण ताई शिवणयंत्राला तेल घालायला बसल्या की दोन थेंब माझ्या बिजागऱ्यांनाही द्यायच्या. असे लाड आजवर कुणी केले नव्हते.

मालकांची एक पद्धत होती. करार संपत आला की ते टॉर्च घेऊन घरभर फिरत. जे झिजले ते भाडेकरूनेच बिघडवले, अशी त्यांची ठाम समजूत. यंदा टॉर्चचा उजेड माझ्या तळाशी थबकला.

"हे काय करून ठेवलंय? चांगलं दार दिलं होतं मी."

"आईची खुर्ची घासते हो. मी रंगवून देते," ताई म्हणाल्या.

"रंगवून काय होतंय? पुढच्या महिन्यात घर रिकामं करा."

ताईंनी माझी कड घट्ट धरली. बिनपायऱ्यांचे घर आता कुठे शोधायचे? आतून आईंचा आवाज आला, "माझ्यामुळेच झालं ना गं हे?" मला फार वाईट वाटले. तोंड असते तर मालकांना चार शब्द सुनावले असते.

ते काम मालकीणबाईंनी केले. त्या समोरून बाहेर आल्या. "अहो, तो टॉर्च जरा आपल्या दारावर मारा."

मालकांनी मारला. कडीजवळ पॉलिश नाही, कुलपाभोवती किल्ल्यांचे ओरखडे, तळाशी बुटांचे डाग.

"हे कुठल्या भाडेकरूनं केलं? हातात पिशव्या असल्या की पायानं दार ढकलतं कोण? बरं, आता लावा बघू ते."

भावंड असे करकरले, की मालकांनीच डोळे मिटले.

"आता ताईंचं लावा."

मित्रांनो, त्या दिवशी मी इतके अलगद मिटले, की मालकांनी लागले का ते पाहायला मला पुन्हा ढकलून बघितले. माझी छाती फुगली म्हणा ना!

मालकांनी टॉर्च बंद केला. मग खाली बघत म्हणाले, "ताई, तेल कुठलं घालता तुम्ही? आणि घर सोडायचं राहू द्या. माझंच चुकलं."

त्यांनी सुताराला बोलावून माझ्या तळाशी पत्र्याची जाड पट्टी बसवली. ती मी दागिन्यासारखी मिरवते आहे.

मित्रांनो, मला लाथा मारू नका, ओले ठेवू नका, अधूनमधून तेलाचा थेंब द्या. पण मी वापराने झिजले, तर कुणाला दोष देऊ नका. मी वापरण्यासाठीच आहे. रोज सकाळी आई उन्हात बसायला बाहेर येतात. खुर्ची पट्टीला लागते, ठण्णकन आवाज होतो, आणि ताई आता दचकत नाहीत.