बाईंची मापं सांभाळणारा लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि माझा पंखा गप्प बसत नाही. सांगताना मध्येच घरघर झाली तर चालवून घ्या.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते एका शिवणकामाच्या दुकानात, कापायच्या टेबलाच्या टोकाला. दुकान नवरा-बायकोचं. मास्तर कापायचे आणि शिवायचे. बाई मापं घ्यायच्या आणि माझ्यात लिहायच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक फाईल, आणि सगळ्या फायली समोर, पडद्यावरच. "डब्यात डबा कशाला?" असं म्हणून बाई फोल्डर टाळायच्या. माझा पडदा कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखा भरलेला असे. "याच्यावाचून माझं पान हलत नाही," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे मी थकलो. सुरू व्हायला दहा मिनिटं लागू लागली. मग बाई आजारी पडल्या, आणि गेल्या. चार महिने माझं झाकण कुणी उघडलं नाही. माझ्यावर कापडाचे तागे येऊन पडले.

एके दिवशी जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक नर्सबाई दुकानात आल्या. बाईंनी त्यांचं माप आणि कापड घेऊन ठेवलं होतं. "मास्तर, शिवणार नसाल तर कापड परत द्या. शनिवारी येते."

मास्तरांनी मला ताग्यांखालून काढलं. मी सुरू व्हायला धडपडलो आणि अर्ध्यात अडकलो. मला दुरुस्तीला नेलं, तर दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, सगळं पुसून नवं टाकू. नाहीतर भंगारात द्या." मास्तरांनी मला छातीशी धरून घरी आणलं.

लेक आली. "बाबा, मापं नव्याने घ्या ना."

"मापं घेईन गं. पण तुझी आई नुसती मापं लिहीत नव्हती."

लेकीने पेनड्राइव्हवर लिनक्स आणलं होतं, म्हणजे जुन्या यंत्रालाही पेलणारी फुकट प्रणाली. त्यावरून मला सुरू करून आधी तिने फायलींची प्रत काढली. मग मला पेनड्राइव्हवरूनच चालवून एकेक डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची मांडणी, दाखवू लागली. पहिला देखणा होता, पण मला धाप लागली. बोट हललं की बाण मागून रखडत यायचा. "नको, जीव जाईल त्याचा," मास्तर म्हणाले. दुसरा इतका हलका, की माझा पंखा कित्येक वर्षांनी थांबला. पण लेकीने फायली त्यात आणल्या तरी पडदा करडा आणि रिकामाच. मास्तर उठले, बसले, पुन्हा उठले.

"गेल्या ना फायली?"

"आहेत बाबा. हा डेस्कटॉप त्या बाहेर मांडत नाही. फोल्डर उघडलं की दिसतील."

"तुझी आई फोल्डर उघडत नव्हती."

"आता तुम्ही उघडायचं आहे."

"मग तर संपलंच."

लेक हसली, मग नाक पुसत राहिली. तिसरा होता एक्सएफसीई नावाचा, दुसऱ्यापेक्षा थोडा जड. पंखा पुन्हा सुरू झाला. फायली आल्या, आणि पडदा भरत गेला.

"हाच," मास्तर म्हणाले.

"दुसरा जास्त पळत होता, बाबा."

"पळून कुठे जायचंय त्याला?"

लेकीने तो माझ्यात कायमचा बसवला. मास्तरांनी नर्सबाईंची फाईल उघडली. छाती, कंबर, बाही, आणि खाली बाईंची ओळ: 'उजवा खांदा अर्धा इंच खाली. बोलून दाखवू नये, शिवणीत सांभाळावं.' मास्तरांनी चष्मा पुसला आणि कात्री घेतली.

शनिवारी नर्सबाई आरशासमोर दोनदा वळल्या. "बाई असताना बसायचं तसंच बसलंय," म्हणाल्या. मास्तरांनी बाई गेल्यापासून बंद असलेला दुकानाचा दुसरा दिवा लावला.

मित्रांनो, मी अजूनही सुरू व्हायला मिनिटभर घेतो. तेवढा वेळ मास्तर उगीच बटणं दाबत नाहीत, कापड सारखं करत उभे राहतात. तुमच्या घरातही असा कुणी जुना पडून असेल. पुसून टाका म्हणणारे पुष्कळ भेटतील. आधी आत कुणी काय लिहून ठेवलंय ते वाचा, मग त्याला पेलेल एवढंच ओझं द्या.

आता थांबतो. मास्तरांनी आज पहिल्यांदा नव्या गिऱ्हाइकाचं माप स्वतः घेतलंय. एका बोटाने लिहिताहेत: 'डावखुरा आहे. डावी बाही सैल. विचारलं नाही, पाहिलं.'