विहिरीचा सरदार

शुभदाताईंच्या टेबलावर अकरावीच्या प्रकल्पांचा ढीग होता आणि डोळ्यांत आठवडाभराची राहिलेली झोप. 'माझ्या गावाचा इतिहास' हा विषय त्यांनीच दिलेला, त्यामुळे कुरकुर तरी कुणापाशी करणार? स्टाफरूमच्या खिडकीतून शेजारच्या यंत्रमागांची खडखड येत होती. तिच्या तालावर त्यांची मान डुलायला लागली होती.

पडघ्याच्या अलीकडच्या एका गावातली चार मुलं वर्गात होती. त्या चौघांनीही एकच वाक्य लिहिलं होतं: 'सरदाराने तलवार खाली ठेवली, कुदळ उचलली आणि सातव्या पुरुषावर गंगा भेटली.' गावच्या विहिरीविषयी; पुरुष म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली.

तिघांचं एक वेळ चाललं असतं. चौथी होती करिष्मा, आणि तिचा प्रकल्प कॉलेजातर्फे जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचा होता. तिचे वडील केसरीनाथ, गोडाऊनवाले शेठ, शब्द देऊन बसले होते, "जिल्ह्यात नंबर काढ, बारावीनंतर ठाण्याच्या कॉलेजात घालतो. न्हाय काढलास तं घरी बसायचं." पोरीने त्या शब्दापायी रात्री जागवल्या होत्या.

ताईंनी तिला बोलावून घेतलं.

"हे वाक्य कुठून आणलंस गं?"

"नेटवरच्या ज्ञानकोशातून, मॅडम. पण नुसतं उचललं न्हाय हां. तिथं खाली संदर्भाचा आकडा हाय. तोसुद्धा लिवलाय मी."

"तो उघडून वाचलास?"

"आकडा हाय म्हंजे काहीतरी असणारच ना!"

"देवळाला कळस आहे म्हणजे आत देव असेलच, तसं होय?" ताई म्हणाल्या, आणि थकलेल्या असूनही त्यांना जरा हसू आलं. "उघड फोन."

आकड्यावर बोट ठेवलं तर एका स्थानिक बातमीपत्राचा लेख निघाला. त्यातही तेच वाक्य, कान्यामात्रेचा फरक नाही. मग ताईंनी ज्ञानकोशातल्या त्या पानाचा इतिहास उघडायला सांगितला, म्हणजे कुणी काय लिहिलं आणि कधी लिहिलं, ती नोंद. विहिरीचं वाक्य लेखाच्या दोन वर्षं आधीच तिथे आलेलं होतं.

"बघ. बातमीवाल्याने इथून घेतलं, आणि मग कुणीतरी त्याचीच बातमी इथे पुरावा म्हणून लावली. दोघं एकमेकांना जामीन! तिसरा माणूसच नाही."

करिष्मा वाक्य घालणाऱ्याचं नाव वाचत होती. एकदम फसकन हसली. "मॅडम, हा तर आमच्या गावचा प्रितेशदादा!" मग फोन खाली ठेवला. "पण दादाला कुणी सांगितलं?"

ते ताईंना कुणाला विचारायची गरज नव्हती. मघापासून ते वाक्य त्यांच्या डोक्यात चालीवरच वाजत होतं. काही वर्षांपूर्वी त्या गावच्या सप्ताहात, मांडवात पहिल्या रांगेत त्या स्वतः बसल्या होत्या. कीर्तन सोडायचं त्यांच्या जिवावर येई. माहेर सुटलं, पण हे वेड काही सुटलं नाही. बुवांनी निष्काम सेवेवर निरूपण केलं, मग गावच्याच विहिरीवरून दृष्टांत उभा केला. "असं सांगतात बरं का मंडळी," म्हणून हात वर नेला, मृदंगावर थाप पडली आणि सरदाराने तलवार खाली ठेवली. ताईंनी पदराने डोळे पुसले होते. बुवांचं काय चुकलं? दृष्टांत काळजापर्यंत पोचला की त्याचं काम झालं. तारीखवार त्याला कोण विचारतो? त्याच मांडवात बसलेल्या प्रितेशने मात्र गावाच्या मायेपोटी घरी जाऊन सगळं टाइप केलं, आणि 'असं सांगतात' एवढं मांडवातच राहून गेलं. ताईंनी करिष्माला ते कीर्तन सांगितलं.

क्षणभर ताईंना वाटलं, जाऊ दे. जिल्ह्यात कोण एवढं उकरून बघणार? आणि बघायला आपल्याच अंगात कुठे त्राण आहे?

"मॅडम," करिष्मा म्हणाली, "ते काढलं तर माझ्याकडं उरलं काय?"

"विहीर उरली."

"नुसत्या विहिरीला नंबर कोण देणार?"

ताईंनी तिचा प्रकल्प तिच्यापुढे सरकवला. "सरदार खोटा आहे असं मी म्हणत नाही बाळा. आपल्याला ठाऊक नाही, एवढंच. ज्ञानकोशात शिरावं, पण तिथेच मुक्काम करू नये. पुढे चालत जावं. आता काय लिहायचं ते तू ठरव."

दुसऱ्या दिवशी तिने पान बदलून आणलं. 'ही कथा गावच्या कीर्तनात सांगितली जाते. ज्ञानकोश आणि बातमी यांनी एकमेकांचाच आधार घेतला आहे. लेखी पुरावा मला मिळाला नाही.' अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. डोळे तेवढे सुजलेले.

नंबर आला नाही. 'निष्कर्ष ठाम नाही,' असा परीक्षकांचा शेरा आला.

पाठोपाठ केसरीनाथशेठ आले, लेकीला मागे घेऊन. खुर्ची दिली तरी बसेनात.

"नंबर गेला तं गेला, मॅडम. पर आमची हीर खोटी? सगला गाव विचारतोय मना!"

"बाबा, हीर खरी हाय," करिष्मा मागून म्हणाली. "सरदाराचा कागद घावला न्हाय, एवढंच लिवलंय मी."

"मंग शोध ना! कागद कुठं असतात?"

करिष्माने ताईंकडे पाहिलं. ताई दमल्या आवाजात म्हणाल्या, "मुंबईच्या पुराभिलेखागारात जुनी दफ्तरं आहेत, शेठ. पण ती मोडी लिपीत. आधी इतिहास शिकायला हवा, मोडी शिकायला हवी. ती सोय इथे कुठली?"

"मंग कुठं?"

"ठाण्याला."

शेठ खुर्चीत बसले. आपण कशात सापडलो, ते त्यांना कळलं असावं. पण गावच्या विहिरीचा प्रश्न होता.

"आन् शिकून-सवरून सरदार न्हायच घावला तं?"

"तर ती तसंच लिहील," ताई म्हणाल्या.

शेठनी तोंड वाकडं केलं. "लिवू दे. पर सगलं दफ्तर धुंडालून झाल्यावर लिवायचं." ते लेकीकडे वळले. "ठाण्याचं शिक्षण अर्ध्यात टाकून आलीस घरी, तं बघ."