आबांच्या मोबाइलवरचा ओटीपी

चोपड्यात संगणकाचा क्लास घेणारी कामिनी दर महिन्याला एक उद्योग करायची. भाऊ हितेंद्र ज्या कंपनीच्या अ‍ॅपवर बिटकॉइन विकत घ्यायचा, त्यातून थोडेसे बाहेर काढायचे आणि तिनं त्याच्या मोबाइलवर उघडून दिलेल्या स्वतंत्र वॉलेटमध्ये घ्यायचे. या वॉलेटची किल्ली म्हणजे बारा शब्द. ते कागदावर उतरवून हितेंद्रच्या कपाटात ठेवलेले.

"अ‍ॅपवर दिसतो तो नुसता आकडा, दादा. किल्ली कंपनीकडेच असते. मागितलं की मिळतं का, ते बघत राहायचं," ती म्हणायची. हितेंद्र हसायचा, कारण दर वेळी दहा मिनिटांत नाणी येऊन पडत.

त्या मंगळवारी सकाळी तीन तास लागले.

"दादा, कंपनीकडे नाणी कमी पडतायत वाटतं. सगळं काढ. आत्ताच."

तिचा चेहरा बघून हितेंद्रनं वाद घातला नाही. पण मोठ्या रकमेला ओटीपी लागतो, आणि खातं उघडताना त्यानं वडिलांचा नंबर दिलेला. आबा शेतात केळीची गाडी भरत होते, आणि बागेत रेंज नसते.

कामिनीनं स्कूटी काढली. पाटाच्या कच्च्या रस्त्यावर गाडी दोनदा घसरली, ती थांबली नाही.

"आबा, मोबाइल द्या आणि माझ्यासोबत विहिरीवर चला."

"हाई काय शे?" आबा घड खाली ठेवत म्हणाले.

"मग सांगते."

विहिरीच्या कठड्यावर चढल्यावर दोन काड्या रेंज आली. तिनं स्वतःच्या फोनवरून हितेंद्रला सांगितलं, "पाठव." मेसेज आला तोवर मुदत संपली होती. "पुन्हा." या वेळी आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. मजूर काम सोडून बघत राहिले.

"गेलं," हितेंद्र फोनवर म्हणाला. "पण दिवसाची मर्यादा आहे. निम्मंच गेलं."

मग वाट बघणं. कामिनी कठड्यावरून खाली उतरली नाही. पाऊण तासानं फोन वाजला. हितेंद्र ओरडला, "कामे, आलं. माझ्या वॉलेटमध्ये आलं."

तिनं आबांना मिठी मारली. काय झालं ते त्यांना नीट कळलं नव्हतं, तरी तेही हसत सुटले.

बुधवारी अ‍ॅप उघडलं तेव्हा उरलेला निम्मा आकडा जिथल्या तिथं होता, फक्त काढण्याचं बटण चालत नव्हतं. कंपनीचा फोन कुणी उचलेना. याच अ‍ॅपवर बिटकॉइन ठेवणाऱ्या, धुळ्याला कापडाचं दुकान चालवणाऱ्या मित्राला, पुनीतला, हितेंद्रनं मंगळवारीच सावध केलं होतं. तो "उद्या बघतो" म्हणाला होता. त्याचं सगळंच आत अडकलं.

गुरुवारी तिघांनी धुळ्यात सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. पैसे मिळतील की नाही, हे कुणीच सांगेना. हितेंद्रला मात्र गप्प बसवत नव्हतं. बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तो विहिरीवरची गोष्ट रंगवून सांगत होता.

पुनीतनं खिशातून पेन काढलं.

"कामिनीताई, ते बारा शब्दांचं वॉलेट कसं उघडायचं? इथंच दाखवा."